रजिस्टरात नसलेला रकाना

कांचन, तू दारात उभी, हातात तीन हँगर,
आणि विचारायलीस, ताई, आज रात्री काय घालू?
खाली खंदारे मॅडमच्या रजिस्टरात रकाने पाच :
नाव, खोली, कुठं, कोणासोबत, परत कधी.
कपड्यांचा रकाना नाही.
तो आपणच आखून घेतो डोक्यात
आणि भरत बसतो, खाडाखोड करत.

ये, बस. कॉटवरची ती वर्तमानपत्रं जरा अलगद सरकव,
त्यात माझी पानं वाळायलीत, प्रॅक्टिकलची.

पहिलं म्हणजे खिसा.
खिसा नसलेली पँट रात्रीची नसते.
मोबाईल, आयकार्ड, चौघडी केलेली शंभराची नोट
आणि खोलीची किल्ली, जी रूममेट हमखास विसरते.
सिटी चौकाच्या गल्लीतले रऊफभाई टेलर
कशाला म्हणून विचारत नाहीत,
टेप गळ्यात टाकून एवढंच म्हणतात, कित्ता गहरा रखूं?
मी म्हणते, मनगट बुडेल एवढा.

मग पाय.
रिक्षा गेटवर सोडते. पुढचा चढ आपला.
उज्ज्वलानं मागच्या साली
मामेबहिणीच्या लग्नातल्या टाचा घातल्या होत्या,
येताना त्या तिच्या हातात होत्या
आणि कुत्री आमच्या मागं, शिस्तीत, वरातीसारखी.

तिसरं असं काही नाही खरं तर.

मी गंगाखेडहून आले तेव्हा माझ्याकडं एकच ‘चांगला’ होता,
जांभळा, खड्यांचा, बसस्टँडमागच्या दुकानातला.
तहमीना सेट पास झाली, निराला बाजारात पार्टी होती, एसीत.
सगळ्या जीन्समध्ये. मी बोहल्यावरून उठून आल्यासारखी.
बाही सोफ्याला अडकली,
आणि मी रात्रभर निसटलेले खडे वेचत बसले,
सतरा. अजून आहेत कंपासपेटीत.

पुढच्या वेळी भावाचा चौकड्याचा शर्ट घातला.
अंधुक उजेडात वेटर म्हणाला, सर, काय आणू?
मी आवाज जाड करून म्हटलं, लस्सी.
तहमीना टेबलाखाली गेली हसून हसून.

तिचं मात्र बघ. काळा अबाया, बारा महिने, लग्नाला तोच, लायब्ररीला तोच,
आणि खाली पिवळेजर्द बूट, लिंबासारखे.
म्हणते, लोगां जूतेच देखते, बाकी सब सोच लेते.

एका डिसेंबरात स्वेटर विसरले
तर लॅबचा अ‍ॅप्रन चढवला अंगावर, आयोडीनच्या डागांसकट.
रात्री अकराला पैठण गेटच्या पानवाल्यानं
मला बाजूला घेऊन सासूच्या गुडघ्यांबद्दल विचारलं.
म्हटलं, काका, मी झाडांची आहे.
तो म्हणाला, मग तुळस सुकायली, तिचं सांगा.
दहा मिनिटं तुळशीवर बोललो आम्ही.
पानाचे पैसे घेतले नाहीत त्यानं.

खड्यांच्या ड्रेसला कुणी तुळशीचं विचारलं नसतं.
किंवा विचारलं असतं, मलाच ऐकू आलं नसतं,
मी ओढणी सावरत असते.

आता ते पांढरं ठेव बाजूला, आज नान-खलिया आहे.
आणि ते हिरवं कुणासाठी आणलंस ते मी विचारत नाही,
पण काखेत दाटतंय तुला, हात वर करून बघ.
बघ.

दुपारी झेरॉक्सला जाताना घातलं होतंस ना, ते
राखाडी, गळ्याशी सैल झालेलं?
हौ, तेच.
त्यात तू आपल्या चालीनं चालत होतीस,
मी गॅलरीतून बघितलंय.

चल, सही करून येऊ.
‘कुठं’मध्ये लिही, स्थानिक पालकांकडं.
तहमीनाची अम्मी सध्या अकरा मुलींची स्थानिक पालक आहे,
बारावी तू.
आणि ते तीन हँगर माझ्या खुंटीला अडकव,
उद्या माझे कपडे वाळतील त्यावर.